‘चालू असलेली औषधं’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण दर वेळी चार ओळी लिहून थांबत होते. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. तो माझ्याच डिपार्टमेंटचा, एक वर्ष पुढे. आमचं दीड वर्षापासून आहे आणि घरी कुणाला माहीत नाही. एवढी ओळख पुरे, बाकी जे झालं ते जमेल तसं सगळं सांगते.

सुरुवात कंडोम फाटण्यापासून झाली. शनिवारची रात्र होती, लक्षात आलं तेव्हा उशीर झालेला. दोघंही गप्प बसलो होतो. का फाटला हे तेव्हा कळलं नाही, ते पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उलगडलं. आम्ही पेट्रोलियम जेली वापरली होती. कंडोमच्या रबराला, म्हणजे लॅटेक्सला, तेलकट काहीही लागलं की ते काही मिनिटांत कमजोर होतं, तेल, जेली, क्रीम, लोशन सगळंच आलं त्यात. वापरायचं तर पाण्याचा बेस असलेलं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट. आम्ही दोघं सायन्सचे विद्यार्थी, रबरावर तेलाचा काय परिणाम होतो हे परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं आम्ही, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

रविवारी दुपारी तो मेडिकलमधून इमर्जन्सी पिल घेऊन आला, तोवर साधारण १४ तास झाले होते. १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची एकच गोळी, ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी. हॉस्टेलमध्ये या गोळीबद्दल काय काय ऐकलं होतं मी, की आयुष्यात दोनदाच घेता येते, तिसऱ्यांदा घेतली की पुढे मूलच होत नाही, की ती म्हणजे एक प्रकारचा गर्भपातच आहे. यातलं एकही खरं नाही. ती गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते, बस. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात आणि बीज जेमतेम एक दिवस टिकतं, त्यामुळे बीजच उशिरा आलं तर दोघांची गाठ पडत नाही. पण बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती त्याला काही करत नाही. सारखी सारखी घेऊ नये ती वेगळ्या कारणासाठी, पाळीचं वेळापत्रक बिघडतं आणि रोजच्या उपायांच्या मानाने ती बरीच कमी भरवशाची आहे.

दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते असं कागदावर होतं, म्हणून मी दोन तास नुसती घड्याळाकडे बघत बसले होते. मळमळ झाली, उलटी नाही झाली.

मग पाळीची वाट. ती सहा दिवस पुढे गेली. गोळीमुळे आठवडाभर पुढे-मागे होऊ शकतं हे वाचलं होतं तरी ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चौथ्याच दिवशी युरिन टेस्ट करून बसले होते, निगेटिव्ह आली, तिला काही अर्थच नव्हता कारण संबंधानंतर तीन आठवडे झाल्याशिवाय त्या टेस्टवर विसंबता येत नाही. लेक्चरला बसायचे आणि एक शब्द कानात शिरत नव्हता. तोही दर दोन तासांनी मेसेज करायचा, ‘काही?’ आणि मी लिहायचे ‘नाही’. शेवटी आली.

त्यानंतर मी ठरवलं की आता रोजच्या गोळ्या सुरू करायच्या. इथे माझं चुकलं, आणि हे सगळं लिहितेय ते त्या चुकीसाठीच.

माझी रूममेट गोळ्या घेत होती, तिला पीसीओएससाठी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) डॉक्टरांनीच दिल्या होत्या. २१ दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी, मग नवीन पाकीट. तिच्याकडे दोन-तीन पाकिटं जास्तीची होती. तिने अगदी मनापासून दिली, ‘अगं घे ना, मला काहीच त्रास नाही झाला, उलट चेहरा पण साफ झाला बघ.’ आणि मी घेतली. डॉक्टरकडे जायचं म्हणजे कशासाठी हवीय ते सांगावं लागणार, कुणीतरी ओळखीचं दिसणार, फाईलवर नाव येणार, त्यापेक्षा हे किती सोपं. आमच्या मजल्यावर अशा गोळ्या घेणाऱ्या निदान चौघी तरी होत्या आणि माझ्या माहितीत त्यातली एकच स्वतः डॉक्टरला भेटलेली, बाकीच्यांनी ऐकीव माहितीवर घेतलेल्या. एकीने सांगितलं अँटिबायोटिक घेतलं की गोळी फेल जाते (तेही पूर्ण खरं नाही, नेहमीच्या अँटिबायोटिक्सने फरक पडत नाही, टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्यांनी पडतो), दुसरी म्हणाली एखाद दिवशी विसरलं तर काय होत नाही, तिसरी म्हणाली दर सहा महिन्यांनी गॅप घ्यायची शरीराला आराम म्हणून, ज्याची खरं तर काही गरज नसते, उलट त्या गॅपमध्येच दिवस राहतात.

आता अर्धशिशीचं सांगते. मला दहावीपासून अर्धशिशी आहे, वर्षातून दोन-तीनदा. आधी डोळ्यांसमोर एक चमकणारी नागमोडी रेघ यायची, करवतीच्या दात्यांसारखी, ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकायची, त्या भागात अक्षरं दिसायची नाहीत, वीसेक मिनिटांनी ते जायचं आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागायचं. घरात आत्यालाही होतं हे, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. झोपायचं, अंधार करायचा, दुसऱ्या दिवशी ठीक. आजार म्हणून मी त्याकडे कधी बघितलंच नाही.

गोळ्या सुरू केल्यावर दुसऱ्या महिन्यात चारदा झालं ते. मी म्हटलं स्क्रीनमुळे असेल, प्रोजेक्ट रिपोर्ट चालू होता, जागरणं चालू होती. गोळ्यांचा आणि याचा संबंध असेल असं एकदाही डोक्यात आलं नाही. तिसऱ्या महिन्यात एक दिवस लायब्ररीत ती रेघ आली आणि पाठोपाठ उजव्या हाताची बोटं बधिर झाली, मुंग्या कोपरापर्यंत चढल्या आणि मग ओठांच्या उजव्या बाजूला. समोरच्या मुलीला काहीतरी सांगायला गेले तर शब्दच सापडेना. ती घाबरली, मीही घाबरले, अर्ध्या तासात सगळं आपोआप निवळलं पण ती मला धरून हेल्थ सेंटरला घेऊन गेली.

तिथे फॉर्म भरायला दिला. नाव, वय, ॲलर्जी, आधीचे आजार, आणि एक रकाना होता ‘चालू असलेली औषधं’. मी लिहिलं, नाही.

हे मी मुद्दाम खोटं लिहिलं का? थोडं हो, थोडं नाही. शेजारी ती मुलगी उभी होती, तिच्यासमोर लिहायचं नव्हतं हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. ती एक लपवायची वस्तू होती, ड्रॉवरमध्ये मोज्यांच्या खाली ठेवायची. औषध असतं ते डॉक्टर देतात, त्याचा डोस असतो, ते कुणाला चालतं कुणाला चालत नाही, आणि या गोळ्यांबद्दल असा विचार आमच्या मजल्यावर कुणीच केला नव्हता.

डॉक्टर मॅडमनी बीपी घेतलं, डोळ्यांत टॉर्च मारला, हात दाबायला सांगितले, चालायला सांगितलं, आणि मग त्या मुलीला म्हणाल्या तू जरा बाहेर बस. दार लावून आल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘गर्भनिरोधक गोळ्या घेतेस का? घेत असलीस तरी मला काही वाटणार नाही, पण मला माहीत असायला हवं.’ मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग रडायलाच लागले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी गोळीचं नाव विचारलं, मी मोबाइलवर फोटो दाखवला. मग म्हणाल्या, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं का तुला? नेहमीच दिसतं का? कधीपासून?

त्या रेघेला ऑरा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आणि ऑरा असलेली अर्धशिशी ज्यांना आहे त्यांना इस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायचीच नसते, वय कितीही कमी असो. रूममेटच्या गोळीत दोन हार्मोन्स होते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी व्हायची शक्यता थोडी वाढते. दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण दोघींना एरवीही पायाच्या शिरेत वगैरे गुठळी होते, या गोळ्या घेणाऱ्यांत ते पाच ते बारा होतं, गरोदरपणात तर त्याहून जास्त, म्हणून बहुतेकींना या गोळीची भीती बाळगायचं कारण नाही. पण ऑरावाल्या अर्धशिशीत मेंदूच्या स्ट्रोकचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि त्यावर इस्ट्रोजेन म्हणजे धोक्यात आणखी भर. मॅडम म्हणाल्या, ‘तुझ्या वयात मूळ धोकाच खूप कमी आहे, त्यामुळे आत्ता घाबरू नकोस, पण हा धोका घ्यायची गरजच काय, दुसरे इतके उपाय आहेत.’ आणि मग जे म्हणाल्या ते माझ्या अजून कानात आहे. ‘तू सांगितलं नसतंस तर कदाचित मी तुला अर्धशिशीची औषधं देऊन परत पाठवलं असतं, आणि तू रात्री पुढची गोळी घेतली असतीस.’

गोळी त्याच दिवशी बंद केली. बंद करायच्या आधी त्यांनी हेही विचारलं की गेल्या पाच दिवसांत संबंध आला होता का, कारण पाकीट मध्येच सोडलं तर आधीच्या संबंधातूनही दिवस राहू शकतात. तो त्या वेळी फील्डवर्कला गेलेला, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला, नॉर्मल आला.

रूममेटला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. तिचा काय दोष होता, तिला डॉक्टरांनी बीपी, डोकेदुखी, घरात कुणाला गुठळी झालीय का, सिगरेट ओढतेस का, हे सगळं विचारूनच गोळी दिली होती. तिच्यासाठी ती गोळी बरोबरच आहे, ती अजून घेते आणि घ्यावीच. ते प्रश्न तिच्यासाठी विचारले गेले होते, माझ्यासाठी नाही, एवढंच.

आठवड्याने परत गेले, यावेळी त्याला घेऊन. मॅडमनी त्यालाही आत बसवलं, मला विचारून. एका कागदावर आकडे लिहून दिले, तो कागद माझ्याकडे अजून आहे. शंभर जोडप्यांनी वर्षभर कंडोम वापरला, अगदी दर वेळी अगदी बरोबर, तर दोघींना दिवस राहतात. पण माणसं जशी खरोखर वापरतात तशी वापरली तर १३ जणींना. रोजच्या गोळीचं तसंच, बरोबर घेतली तर शंभरात एकही नाही म्हणण्याइतकं, प्रत्यक्षात सात, कारण माणूस विसरतो. वीर्य पडायच्या आधी बाहेर काढून घेण्यावर विसंबणाऱ्यांत २०. आणि गर्भपिशवीत बसवायची तांबी किंवा दंडात बसवायचा इम्प्लांट, यात विसरायला काही नसतंच, म्हणून एकापेक्षा कमी. तो बराच वेळ त्या १३ कडे बघत होता. मग त्याने विचारलं की पुरुषांसाठी काय काय आहे, तर कंडोम आणि नसबंदी, संपलं. त्याचा चेहरा उतरला होता, म्हणाला म्हणजे सगळं हिच्याच शरीरावर.

मला इस्ट्रोजेन नसलेले बरेच पर्याय होते. नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी, पण ती वेळेला फार कडक, काही प्रकारांत तीन तासांहून जास्त उशीर चालत नाही, काहींत बारा तासांपर्यंत चालतो, आणि माझी झोपायची वेळ रोज वेगळी. तीन महिन्यांचं इंजेक्शन, पण ते थांबवल्यावर बीज परत नियमित व्हायला बरेच महिने लागू शकतात. इम्प्लांट, हार्मोनवाली तांबी. आणि साधी तांबी, कॉपर टी, ज्यात हार्मोन अजिबात नाही, तांब्याचे आयन शुक्राणूंना निकामी करतात, १० वर्षं चालते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. मला वाटायचं तांबी मूल झालेल्या बायकाच बसवतात. तसं नाही, मूल न झालेल्यांनाही बसवता येते. आणि हे ऐकून तर मी सुन्न झाले की संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तीच सगळ्यात खात्रीची इमर्जन्सी पद्धत आहे, त्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त. त्या रविवारी हे माहीत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता बसवतानाचं, कारण यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. तासभर आधी खाऊन आयब्युप्रोफेन घेतली होती. दिवस राहिलेले नाहीत ना ते तपासलं, आतून तपासणी झाली. मग स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरायचं साधन, लावलं, ते थंड आणि विचित्र वाटतं पण दुखत नाही. त्यानंतर तीन कळा आल्या, तिन्ही मला वेगवेगळ्या आठवतात. पहिली गर्भपिशवीचं तोंड चिमट्याने धरलं तेव्हा, दुसरी खोली मोजायला बारीक सळई आत घातली तेव्हा, तिसरी तांबी आत सोडली तेव्हा. दुसरी सगळ्यात वाईट होती, पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ पाचपट करून एका क्षणात यावी तशी. डॉक्टर दर वेळी आधी सांगत होत्या आता दुखेल, नर्सताईंनी हात धरला होता. सगळं मिळून दहा मिनिटं. उठायला गेले तर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, परत आडवं केलं, पाय वर ठेवले, वीस मिनिटांनी बरं वाटलं. ‘थोडं टोचल्यासारखं होईल’ असं जे ठिकठिकाणी लिहिलेलं असतं ते मला पटत नाही. काही जणींना खरंच तेवढंच होतं, मला खूप दुखलं. पिशवीच्या तोंडाशी सुन्न करायचं इंजेक्शन मागता येतं हे मला नंतर कळलं, मी मागितलं असतं. आणि तरीही परत बसवायची वेळ आली तर मी बसवेन.

तो बाहेर दोन तास बसून होता. रिक्षातून परत येताना काही बोलला नाही, नुसता माझी बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

पहिल्या तीन पाळ्या अवघड गेल्या. पाच दिवसांचं आठ दिवस झालं, अंगावरून खूप जायचं, दर दोन-तीन तासांनी पॅड, मधल्या दिवसांत ठिपके. तांबीने हे होतं, तीन ते सहा महिन्यांत बहुतेकींचं कमी होतं पण ज्यांचं मुळातच जास्त जातं किंवा हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी आधी हे डॉक्टरांशी बोलावं. मला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. चौथ्या पाळीला सहा दिवसांवर आलं. वीसात एकीची तांबी पहिल्या वर्षात आपोआप खाली सरकते किंवा पडते, म्हणून पाळीनंतर बोटाने दोरा लागतोय ना ते बघायचं असतं. पहिल्यांदा बघताना हात थरथरत होता, आपल्याच शरीराला इतक्या वर्षांत असा हात लावला नव्हता कधी. आता सवय झाली.

अर्धशिशी परत पहिल्यासारखी झाली, सात महिन्यांत दोनदा. हाताला मुंग्या परत आल्या नाहीत.

कंडोम आम्ही सोडलेला नाही. तांबी संसर्गापासून वाचवत नाही, गोळीही नाही, ते काम फक्त कंडोम करतो. दोघांनी एचआयव्ही, सिफिलिस, क्लॅमिडिया सगळ्या टेस्ट करून घेतल्या, पहिल्यांदा त्यानेच विषय काढला. आता तो कंडोमच्या पाकिटावरची तारीख बघतो, खिशातल्या पाकिटात ठेवत नाही कारण उष्णतेने आणि घासून खराब होतो, टोक चिमटीत धरून हवा काढतो. ही साधी माहिती आहे, पण तोवर आम्ही एकमेकांशी यावर एक वाक्य बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची एक ज्युनियर आली, दार अर्धं लावून हळूच म्हणाली, ‘ताई, तुमच्या रूममध्ये एक्स्ट्रा गोळ्या असतात असं ऐकलं.’ मी तिला आत बसवलं आणि पहिलं हेच विचारलं की तुझं डोकं दुखतं का गं, दुखायच्या आधी काही दिसतं का. म्हणाली नाही, पण बीपी कधी मोजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोघी हेल्थ सेंटरला गेलो. फॉर्म तिने स्वतः भरला, मी बघितला नाही. मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं, आणि मी बाहेरच्या बाकावर तिची सॅक घेऊन बसले.